शिरूरचं ‘शरिऊर’ होतंय? गेममधली मराठी अक्षरं तुटतात तेव्हा काय बघायचं

मी गेली चार वर्षं एसटीचा एक छोटा गेम करतोय. खेळणारा कंडक्टर असतो. लातूरच्या स्टँडवरून नांदेडची लालपरी निघते, चाकूर, अहमदपूर, लोहा करत जाते आणि गर्दीत कोण कुठं उतरणार हे लक्षात ठेवून तिकिटं फाडायची. गेम बांधायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, गोडो. नोकरी सांभाळून रात्री जमेल तसं काम चालतं, त्यामुळं आमची गाडी चार वर्षांत अहमदपूरच्या पुढं सरकलेली नाही.

या चार वर्षांत एक तक्रार मात्र मुक्कामाला आली: बसच्या पाटीवरची मराठी अक्षरं तुटतात. एकदा दुरुस्त केलं की दोन महिन्यांनी परत. दरवेळी मी मागच्या वेळचा इलाज लावायचो आणि तो लागू पडायचा नाही. उशिरा डोक्यात उजेड पडला की ‘अक्षरं तुटतात’ या एका तक्रारीच्या पोटात चार-पाच वेगवेगळी दुखणी आहेत. अक्षर कसं तुटलंय ते नीट बघितलं तर कुठं बिघडलंय ते बहुतेक वेळा तिथंच कळतं. मी ते न बघता सेटिंग्ज हलवत बसायचो.

पहिल्यांदा पाटी आजोबांना दाखवली. आजोबा निजामाच्या राजवटीत शाळेत गेलेले, त्यांची पहिली लिपी उर्दू, मराठी मागून गिरवलेली. त्यामुळं अंदाजानं ते काही वाचत नाहीत, समोर जे आहे तेच वाचतात. चष्मा कपाळावरून खाली ओढला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाले, “शरिऊर अनंतपाळ. हे कुठलं गाव रे बाबा?”

“आजोबा, शिरूर आहे ते.”

“मग शिरूर लिही की.”

लिहिलं मी शिरूरच होतं. कोडमध्ये बरोबर, एडिटरमध्ये बरोबर, पाटीवर चूक.

कारण असं. युनिकोडात, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक (कोड) देणाऱ्या जागतिक प्रमाणात, देवनागरी उच्चाराच्या क्रमानं साठवली जाते. ही मांडणी भारताच्या इस्की या १९८८ च्या प्रमाणावरून घेतलेली आहे. ‘शिरूर’ साठवताना आधी श, मग वेलांटी, मग र, ऊकार, र. कागदावर मात्र वेलांटी श च्या आधी काढायची. शिवाय अर्धापूरमधला र उडी मारून ध च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि सिल्लोडमधले दोन ल एकमेकांत शिरतात. साठवलेल्या क्रमावरून डोळ्यांना दिसणारा क्रम आणि आकार घडवण्याचं हे काम कुणीतरी करावं लागतं. त्याला शेपिंग म्हणतात. ब्राउझर, फोन, ऑफिसची सॉफ्टवेअरं ते गुपचूप करतात. गेम इंजिनांची जुनी सवय वेगळी: एक कोड, एक चित्र, ओळीनं चिकटवत जायचं. इंग्रजीला तेवढं पुरतं, म्हणून बरीच वर्षं कुणाला फरक पडला नाही.

शेपिंग करणारं सगळ्यात परिचित मोफत सॉफ्टवेअर म्हणजे हार्फबझ. नाव फारसीवरून घेतलंय, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं. ‘ओपनटाइप’चं सरळ भाषांतर. हे आजोबांना सांगितलं तेव्हा अक्षरांच्या दुखण्यात त्यांना पहिल्यांदा रस वाटला. “हरफ तर आमचा शब्द हाय,” म्हणाले.

इलाजाकडं जाण्याआधी एक काम करा. प्रोजेक्टमध्ये एक चाचणीची ओळ ठेवा आणि काहीही बदललं की ती आधी बघा. माझी ओळ अशी आहे:

शिरूर अनंतपाळ, अर्धापूर, सिल्लोड, बाऱ्हाळी, सिद्धेश्वर, लातूर, ॲप

शिरूर वेलांटीसाठी. अर्धापूर रफारासाठी (केळीसाठीही, पण तो विषय वेगळा). सिल्लोडमध्ये वेलांटी आणि जोडाक्षर दोन्ही सापडतात. मुखेड तालुक्यातलं बाऱ्हाळी आपल्या मराठीच्या खास आडव्या र साठी, सिद्धेश्वर द्ध आणि श्व साठी. लातूर आणि ॲप कशाला ते पुढं येईल. ‘नमस्कार’ लिहून चाचणी करू नका. त्यात वेलांटी नाही, रफार नाही, बरंच काही बिघडलेलं असूनही तो बरा दिसतो.

चौकोन दिसतायत

हे सगळ्यात सोपं दुखणं, आणि लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच. अक्षरांच्या जागी चौकोन म्हणजे त्या कोडचं चित्र फॉन्टात नाही. गोडो ४ मध्ये चौकोनाच्या आत बारीक आकडे दिसतात. ते झूम करून वाचा. आकडा ०९०० ते ०९७एफ यांच्यातला असेल तर ते देवनागरी अक्षर आहे. ०९३२ म्हणजे ल, ०९३० म्हणजे र. म्हणजे मजकूर शाबूत आहे, फक्त त्याला अंगरखा मिळालेला नाही.

माझ्या बाबतीत लॅपटॉपवर पाटी सुंदर, फोनवर सुंदर, आणि गेम ब्राउझरसाठी काढून मित्राला पाठवला तर त्याचा निरोप: “हे काय दाखवायलंय बे, सगळे डबेच डबे.” झालं होतं असं की मी प्रोजेक्टमध्ये मराठी फॉन्ट टाकलाच नव्हता. गोडोच्या स्वतःच्या फॉन्टात देवनागरी नाही, पण तो नसलेलं अक्षर यंत्रातल्या फॉन्टांत शोधतो. विंडोजवर त्याला निर्मला यूआय सापडतो, अँड्रॉइडवर नोटो. ब्राउझरमध्ये यंत्रातले फॉन्ट त्याच्या हाताला लागत नाहीत. लॅपटॉपवर आणि फोनवर पाटीचं वळण वेगवेगळं दिसत होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

इलाज: मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट फाइल म्हणून प्रोजेक्टमध्ये ठेवा (मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी, सगळे चालतात) आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआय, थीम, कस्टम फॉन्ट इथं तो लावा. मग फॉन्टच्या इम्पोर्ट पॅनेलमध्ये ‘अलाउ सिस्टम फॉलबॅक’ची खूण काढून टाका. ही खूण काढली की चौकोन यायचेच असतील तर तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर येतील, मित्राच्या ब्राउझरमध्ये येणार नाहीत.

वेलांटी पळते, हलंत उघडा पडतो

खरं दुखणं हे. अक्षरं सगळी आहेत, चौकोन एकही नाही, पण वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते आणि अर्धापूरमध्ये र चा पाय मोडलेला दिसतो. (इथं मुद्दाम तुटकं लिहून दाखवता येत नाही. तुमचा ब्राउझर ते जोडून टाकेल.) म्हणजे शेपिंग होतच नाहीये.

तुम्ही अजून गोडो ३ वर असाल तर उत्तर इथंच संपलं. त्या मालिकेत शेपिंग नाही. कुठल्याही फॉन्टनं, कुठल्याही सेटिंगनं ते येणार नाही. मी यात सहा महिने घालवले, फॉन्ट बदलत बसलो, शेवटी पाटीचं चित्र काढून चिकटवलं. गोडो मूळचं अर्जेंटिनातलं, हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मांझूर या दोघांचं. २०१४ मध्ये ते खुलं झालं. १ मार्च २०२३ ला गोडो ४ आलं आणि त्यात टेक्स्ट सर्व्हर नावाची नवी व्यवस्था आली, तिच्या पोटात हार्फबझ आहे. तेव्हा प्रोजेक्ट गोडो ४ वर न्या. त्रास होतो, फंक्शनांची नावं बदललीत, माझ्या बसची चाकं आठवडाभर हवेत होती. पण शिरूर शिरूरसारखं दिसलं.

गोडो ४ वरही हेच दिसत असेल तर दोन जागा बघा. पहिली, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये इंटरनॅशनलायझेशन, रेंडरिंग, टेक्स्ट ड्रायव्हर. तिथं ‘फॉलबॅक’ निवडलेलं असेल तर तो साधा सर्व्हर आहे, त्याला जोडाक्षर कळत नाही. आयसीयू, हार्फबझ, ग्राफाइट असं लिहिलेला पर्याय घ्या. दुसरी जागा जास्त छुपी आहे. वेबची फाइल लहान व्हावी म्हणून मी इंजिन स्वतः कंपाइल केलं होतं आणि आकार कमी करायच्या सल्ल्यांत ‘ॲडव्हान्स्ड टेक्स्ट सर्व्हर बंद करा’ हाही सल्ला होता. मी शहाण्यासारखा तो पाळला. एडिटर जुनाच, त्यामुळं तिथं सगळं ठीक. बाहेर काढलेला गेम तेवढा मोडका. एडिटरमध्ये बरोबर आणि एक्स्पोर्टमध्ये वेलांटी पळालेली असेल तर एक्स्पोर्टचं टेम्प्लेट (बाहेर काढलेल्या गेमसोबत जाणारं तयार इंजिन) कुठून आलं ते आधी आठवा.

आता एक बारकावा, यानं माझे बरेच तास वाचले असते. वेलांटी जागेवर आहे पण हलंत उघडा दिसतो, असं असेल तर शेपिंग चालू आहे आणि खोट फॉन्टात आहे. जोडाक्षरांच्या चित्रांना स्वतंत्र युनिकोड कोड नसतात. ती फॉन्टाच्या आतल्या तक्त्यांतून मिळतात. फॉन्टची फाइल बारीक करायला मी एक साधन वापरलं होतं. त्यानं ‘कोड नसलेली चित्रं कशाला’ म्हणून ती आणि तक्ते छाटून टाकले. सिल्लोडचा ल लंगडा झाला. मूळ फॉन्ट परत ठेवला, काम झालं.

आणि हाही घोळ बघा: तुमच्याच कोडमध्ये शब्दाची एकेक अक्षरं सुटी करून काढणारा लूप आहे का? अक्षरं नाचवायला, रंगवायला असे लूप लोक सर्रास लिहितात. सुट्या कोडांना हार्फबझही जोडू शकत नाही. वाक्य अखंड त्याच्या हातात द्यावं लागतं.

युनिटी हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथला मजकूर दाखवणारा टेक्स्टमेशप्रो देवनागरीचं शेपिंग करत नाही, त्यामुळं तिथं हेच दिसणार. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटसाठी (बटणं, पाट्या बनवायच्या साधनासाठी) ‘ॲडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर’ आहे, तो हार्फबझवर चालतो. नवीन काम असेल तर तिकडं वळा. काही जण मजकूर जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टांच्या कोडांत बदलून वेळ मारून नेतात. दिसतं बरोबर. पण आत मजकूर राहत नाही, निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग राहते. शोधता येत नाही, दुसऱ्या मजकुराशी ताडून बघता येत नाही, आणि वर्षभरानं तुम्हालाच वाचता येत नाही. मला तो मार्ग पटत नाही. अनरील या आणखी एका इंजिनाच्या यूआयमध्ये हार्फबझ आहे, तिथं पहिली शंका फॉन्टवर घ्या.

प्रश्नचिन्हं आणि ठिपक्यांची वर्तुळं

ही दोन्ही दुखणी इंजिनाची नाहीत, मजकुराची आहेत.

मामेबहिणीनं मला दोनशे गावांची यादी स्प्रेडशीटमध्ये टाइप करून दिली. मी ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) म्हणून सेव्ह केली, गेममध्ये घेतली, आणि सगळी गावं ‘?????’. साध्या सीएसव्हीत सेव्ह करताना देवनागरी जाऊन तिच्या जागी खरोखरची प्रश्नचिन्हं लिहिली गेली होती. यावर इलाज नाही, मूळ फाइल शोधा. (ती मी पुसली होती. बहिणीला परत टाइप करायला लावलं. दिवाळीला तिनं अजून ऐकवलं.) सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, बस.

ठिपक्यांचं वर्तुळ म्हणजे हार्फबझ म्हणतोय, ही मात्रा अशी बसत नाही. मराठीत हे बहुतेक ‘ॲ’पाशी होतं. ॲ साठी युनिकोडात ०९७२ हा स्वतंत्र कोड आहे. काही कळफलक त्याऐवजी अ आणि वर अर्धचंद्र असे दोन कोड टाकतात, आणि ती जोडी नियमात बसत नाही म्हणून मध्ये वर्तुळ उमटतं. आणखी काही कळफलक दोघांच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, मग वर्तुळ जातं. पण आता एकच ॲ तीन प्रकारे लिहिलेला तुमच्या फायलीत फिरतोय. सरळ शोधा-बदला करून सगळीकडं ०९७२ ठेवा.

असाच गोंधळ आडव्या र चा. ‘बाऱ्हाळी’ ऱ (०९३१) वापरून लिहिता येतं किंवा साधा र, हलंत आणि तेच अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही एकच. ‘शेतकऱ्याची’ पहिल्या पद्धतीनं १० कोडांचं, दुसऱ्या पद्धतीनं ११ कोडांचं. माझ्या गेममध्ये खेळणाऱ्याला गावाचं नाव टाइप करायचं असतं आणि एकाला ‘बाऱ्हाळी’ बरोबर लिहूनही चूक दाखवत होतं. जुन्या फॉन्टातून युनिकोडात आणलेल्या मजकुरात ओकारही तपासा. तिथं काना आणि वर मात्रा असे दोन सुटे कोड असतात, दिसतो ओ, पण असतो दोघांचा. ताडण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एका साच्यात आणणारं दहा ओळींचं फंक्शन लिहून ठेवा.

थांबलेली पाटी ठीक, टाइप होताना अक्षरं थरथरतात

प्रवासी बोलतात तेव्हा वाक्य एकेक अक्षर उमटत जावं, हा सगळ्यांचा आवडता खेळ. ‘सिल्लोड’ उमटताना हळू करून बघा. आधी स येतो. मग वेलांटी येते आणि स ला ढकलून त्याच्या आधी घुसते. मग ल. मग त्या ल ला हलंत फुटतो. पुढच्या ठोक्याला हलंत गायब, ल ला ल जुळतो. मग ओकार. मग ड. दिसायला तीन अक्षरं, ठोके सात, आणि प्रत्येक ठोक्याला मागचं अक्षर अंग बदलतं.

कारण लेबलमधलं (गोडोतला मजकूर दाखवणारा घटक) ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’ मुळात ‘बिफोर शेपिंग’वर असतं: आधी मजकूर कापायचा, मग घडवायचा. ते ‘कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग’ करा. आता पूर्ण वाक्य आधी घडतं आणि तयार अक्षरं उघडत जातात. थरथर तिथंच थांबते.

आवाजाचा भाग उरतो. माझ्याकडं प्रत्येक ठोक्याला कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक होती, ती अजूनही कोडांप्रमाणं सात वेळा वाजायची. गोडोच्या टेक्स्ट सर्व्हरला अक्षरांच्या सीमा विचारता येतात, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: जोडाक्षर अखंड एक अक्षर धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारं काही असेल तर हलंतावर तुकडा पडतो. मी शेवटी स्वतःच लिहिलं: आताचा कोड मात्रा, अनुस्वार किंवा हलंत असेल, किंवा मागचा कोड हलंत असेल, तर टिकटिक नाही. ओबडधोबड आहे, पण कानाला बरोबर लागतं.

ल आणि श परके वाटतात

हे तुटणं नाही, पण मराठी माणसाला खुपतं. ‘लातूर’चा ल आणि ‘शिरूर’चा श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत. अनेक चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी वळण बाहेर येतं. गोडोत लेबलच्या गुणधर्मांत ‘लँग्वेज’चा रकाना आहे. तो रिकामा असेल तर चालू लोकेल (यंत्राची भाषा) धरलं जातं, आणि खेळणाऱ्याचा फोन इंग्रजीत असेल तर फॉन्टला मराठीचा पत्ता लागत नाही. तिथं मराठीचा दोन अक्षरी कोड, एम आणि आर, लिहा. बसच्या पाटीसाठी वापरतो त्या लेबल-थ्रीडीलाही हा रकाना आहे, तो मी विसरलो होतो. फॉन्टात दुसरं वळणच नसेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरून बघा, त्यात मराठी वळण थेट आहे. मात्र तो पुस्तकी ढंगाचा आहे, एसटीच्या पाटीला मला नाही शोभला.

वरचे रफार आणि अनुस्वार कापले जात असतील तर बटणाची उंची वाढवा, त्यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही.

मागच्या महिन्यात सगळं मार्गी लावून पाटी परत आजोबांसमोर धरली. त्यांनी चष्मा खाली ओढला. लातूर वाचलं, चाकूर वाचलं, अहमदपूर, लोहा, नांदेड. मधेच थांबले, बोट स्क्रीनवर टेकवलं.

“शिरूर अनंतपाळ. आता बरोबर लिव्हलंस.” मग जरा वेळानं, “पण नांदेडच्या गाडीला शिरूर अनंतपाळ कुठून आलं रे?”

चाचणीची ओळ पाटीवरून काढायची राहिली होती.